जानेवारीतली गोधडी: साड्या किती, थर किती आणि हुरड्याचे रविवार कुठे बसवायचे

विचारणाऱ्या ताई सोलापूर शहरात राहतात. त्यांच्याकडे आईच्या सहा सुती सहावारी साड्या, आजोबांची दोन धोतरं आणि एक जुनी सोलापुरी चादर आहे. यातून जानेवारीत एक गोधडी हाताने शिवून पुरी करायची आहे. मध्ये भोगी-संक्रांत आहे, गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) आहे, आणि शनिवार-रविवार गावाकडे हुरड्याला जाणं ठरलेलं आहे. मागच्या हिवाळ्यातल्या गोधडीला मधोमध फुगा आला होता आणि पहिल्याच धुण्यात ती तिरकी झाली. चादर आत घालावी का, दोरा किती लागेल आणि महिन्यात काम उरकेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

उरकेल. फक्त एक गोष्ट मनाशी पक्की धरा: गोधडी बिघडते ती बहुतेक वेळा अंथरताना. शिवण पुढे ती चूक कायमची करते, एवढंच. म्हणून अंथरायचा एक दिवस राखून ठेवा आणि बाकी महिना त्याभोवती बसवा.

आधी मागच्या वेळचा फुगा. आपल्याकडे कडेने सुरुवात करून चौकोनी फेरे घेत आत जायची रीत आहे आणि तिच्यात काही वावगं नाही. पण प्रत्येक टाक्याला वरचं कापड किंचित पुढे सरकतं. एका फेऱ्यात ते कळतसुद्धा नाही, वीस फेऱ्यांत मात्र दोन-तीन इंचांचा झोळ आत ढकलला जातो आणि मधोमध आल्यावर त्याला जायला जागा उरत नाही. याला इलाज कच्च्या टाक्यांचा, म्हणजे थर जागेवर धरणाऱ्या आणि नंतर उसवायच्या लांब टाक्यांचा. ते मधून कडेकडे घालायचे म्हणजे झोळ शिवण्याआधीच बाहेर निघतो. पक्की शिवण मग खुशाल कडेकडून आत न्या.

तिरकेपणाचं कारण वेगळं आहे. धुतल्यावर कापड ताण्याच्या (लांबीच्या धाग्यांच्या) दिशेने जास्त आटतं, बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेने कमी. एक थर उभा आणि दुसरा आडवा पडला की दोघं दोन दिशांना ओढतात. न धुतलेलं नवं कापड जुन्यासोबत घातलं तरी तेच होतं. सगळ्या थरांचा ताणा एकाच दिशेला ठेवा, आणि नवं कापड घालायचंच असेल तर ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच घ्या.

आता कापडाची निवड. प्रत्येक साडी उजेडाकडे धरून पाहा. निऱ्यांचा भाग आणि खालचा घेर सगळ्यात विरलेला असतो. दोन्ही अंगठे शेजारी टेकवून कापड बाहेरच्या बाजूंना ओढा. फरकन फाटलं तर ते वरच्या-खालच्या थराला चालणार नाही. मधल्या थरात असं विरलेलं कापड चालतं, उलट तेच ऊबदार आणि मऊ असतं. पण हात लावताच चिंधी होत असेल तर पुसायला ठेवा, गोधडीत नको.

साडी खरंच सुती आहे का हे कडेचा एक धागा ओढून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटांत चुरते. टोकाला कडक मणी झाला तर कापडात पॉलिस्टर आहे. असं कापड घामट होतं, थरातून निसटतं आणि आपल्या कोरड्या थंडीत अंगावर चटचट आवाज करतं. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्यांकडच्या चिंध्या किलोवर स्वस्तात मिळतात आणि मोह होतो, पण ते कापड बहुतेक टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं असतं. टॉवेलच्या तुकड्यांचंही तसंच. आत घातल्यावर गुबगुबीत वाटतात, पण सुई त्यांच्या फासांत अडकते आणि धुताना गोधडी इतकं पाणी पिते की दोघांना उचलवत नाही. दोन्ही टाळा.

लाल, गर्द निळी किंवा काळी साडी असेल तर पांढऱ्या ओल्या रुमालाने जोरात घासून पाहा. रुमाल रंगला तर तिला धोतराशेजारी ठेवू नका. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण आजच्या कापडावर त्याचा भरवसा धरू नये. सुटणारा रंग तीन-चार धुण्यांत काढून टाका किंवा ती साडी बाजूला ठेवा. जरीचा काठ असेल तर उसवून घ्या. जर तुटली की टोचते आणि सुईही तिथे अडते. इरकलीचा पदर रेशमी असतो, तोही वेगळा काढा.

हे सगळं धुणं एका दमात करायचं तर नळाला पाणी येण्याचा दिवस धरा. शहरात ते रोज येईलच असं नाही आणि सहा साड्या, दोन धोतरं खळ निघेपर्यंत खंगाळायला बरंच पाणी लागतं. खळ राहिली तर सुई कुरकुरत जाते आणि पुढे कसर लागते.

आता हिशोब. एकेरी गोधडी साधारण ६० इंच रुंद आणि ८८ ते ९० इंच लांब धरा. सहावारी साडी साडेपाच मीटर म्हणजे सुमारे २१६ इंच असते, पन्हा (रुंदी) ४५ इंच. साडीचे ६२ इंचांचे तीन तुकडे करा, तीसेक इंच उरतात. विरलेला भाग त्या उरलेल्यात जाईल असं पाहून कापा. दोन तुकडे पन्ह्याच्या बाजूने जोडले की अर्धा-अर्धा इंच शिवणीत जाऊन ८९ इंच भरतात, म्हणजे एक थर झाला. एका साडीत दीड थर, दोन साड्यांत तीन. धोतराचा पन्हा साडीपेक्षा थोडा मोठा असतो, बहुधा ५० इंचांच्या आसपास, म्हणून एका धोतरात एक थर आरामात बसतो. दोन साड्या आणि दोन धोतरं मिळून पाच थर झाले. सोलापूरच्या थंडीला पाच पुरेत. जानेवारीत पहाटेचं तापमान सरासरी १५-१६ अंशांवर असतं, आणि दुपारी तर पंखा लावावासा वाटतो. सात थर केले की फेब्रुवारी लागताच गोधडी पायाशी ढकलली जाते, शिवतानाही सुई आरपार जाता जात नाही. पाच थरांची गोधडी दीड ते पावणेदोन किलो भरते.

तुकडे कात्रीने कापत बसू नका. काठाला दोन बोटं काप द्या आणि फाडा. सुती कापड बाण्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्री मात्र हमखास तिरकी जाते. कापड फार विरलं असेल तर फाडताना वाट सोडतं. तेव्हा एक आडवा धागा ओढून काढा, त्याची रिकामी रेघ दिसते, तिच्यावरून कापा.

जोड कुठे येतो हेही पाहा. पाचही थरांचा जोड बरोबर मध्यावर आला तर तिथे दोरीसारखा उंचवटा होतो आणि झोपताना कमरेला लागतो. वरचा आणि खालचा थर मध्यावरच जोडा, कारण तो दिसतो. पहिल्या धोतराचा जोड डोक्याकडून ५० इंचांवर ठेवा, दुसरं धोतर उलटं फिरवा म्हणजे त्याचा जोड ४० वर येईल. मधल्या साडीच्या थरासाठी एक तुकडा अखंड ठेवा आणि दुसरा अर्धा करून त्याच्या दोन्ही बाजूंना लावा. आतल्या थरांचे जोड शिवायची गरज नाही. एकावर एक दीड इंच चढवून ठेवले तरी वरचे टाके त्यांना धरतात. मधल्या साडीचा थर दोन्ही टोकांना एक-एक इंच कमी पडेल, तिथे उरलेल्या तीस इंचांतली पट्टी सरकवा. वरच्या थरात दोन साडीकाठ मधोमध शेजारी येतात. ते बरे दिसतात, राहू द्या.

चादरीबद्दल. सोलापुरी चादर जेकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलेली, दोन्ही बाजूंनी उलट्या रंगात नक्षी दिसणारी आणि मुळातच जाड असते. धड असेल तर तिला गोधडीत कोंबू नये, ती तशीच पांघरावी. मधून विरली असेल तर आत घाला, पण मग धोतरं काढून टाका: वर एक साडी, खाली एक साडी, मध्ये चादर. टोकांच्या दशा कापून कड दुमडा, नाहीतर काठापाशी गठ्ठा होतो. तीनच थर असले तरी सुई एका वेळी एकच टाका घेते, कारण चादरीची वीण घट्ट आहे. अशा गोधडीला इंचाला दोन टाके आणि ओळींत तीन इंचांचं अंतर चालतं. वजन दोन किलोंच्या पुढे जाईल. शेतातल्या वस्तीवर किंवा गच्चीवर झोपणाऱ्यांना ती बरी. शहरातल्या बंद खोलीत पाच थरांचीच बरी, असं माझं मत.

सुई गोधडीची, दोन ते अडीच इंच लांब आणि मोठ्या नेढ्याची घ्या. दाभण नको, त्याने जुन्या कापडाला भोक पडतं आणि तिथूनच पुढे फाटतं. मधल्या बोटाला अंगुस्तान (सुई ढकलायची टोपी) हवंच. सुई अडकली की ओढायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटांएवढा तुकडा जवळ ठेवा. पकडीने ओढाल तर सुई वाकते. दोरा जाड आणि सुतीच घ्या. चाटी गल्ली, मधला मारुती भागात मिळून जातो. पॉलिस्टर दोरा मजबूत असतो खरा, पण जुन्या सुती कापडाला तोच कापतो. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड तुटलं तर ठिगळ लागतं. एका वेळी पाऊण मीटरच दोरा घ्या, मेणबत्तीवरून एकदा ओढा म्हणजे पीळ पडत नाही.

दोऱ्याचा हिशोब असा. ६० गुणिले ८८ च्या गोधडीत दीड इंच अंतराने फेरे घेतले तर वीस फेरे होतात आणि सगळ्या ओळींची लांबी नव्वद मीटरच्या आसपास भरते. टाका खाली-वर जाण्यात वीसेक टक्के जास्त लागतो, म्हणजे एकेरी जाड दोरा ११० मीटर, बारीक दोरा दुहेरी घेतला तर २२०. इंच-इंचावर शिवायचं तर हेच आकडे दीडपट करा. अंतर दीड इंच ठेवायला हरकत नाही, कारण आतले थर मोठ्या अखंड तुकड्यांचे आहेत, सरकणार नाहीत. आत चिंध्या भरलेल्या असत्या तर एक इंचाच्या वर जाऊ नका असं सांगितलं असतं.

वेळ: इंचाला तीन टाके धरले तर नवखा हात तासाला तीन मीटर शिवतो, म्हणजे तीस तास. संक्रांतीनंतर सोमवार ते शुक्रवार रोज तीन तास मिळाले तर महिन्यात बसतं. बाहेरचे फेरे साडेसात मीटरचे असतात, एकेका फेऱ्याला दोन-अडीच तास जातात आणि पहिल्या आठवड्यात वाटतं की हे संपणारच नाही. आत जाल तसे फेरे आखडतात, शेवटचे तर अर्ध्या-पाऊण तासात होतात.

आता अंथरणं. हा दिवस भोगीच्या आधी घ्या, जानेवारीच्या पहिल्या दहा दिवसांतला. भोगीपासून घरात भाज्या निवडणं, तीळ भाजणं, पाहुणे आणि पुढे गड्ड्याची गर्दी. जमीन मोकळी मिळत नाही. दोन माणसं आणि सलग तीन तास लागतात. त्या दिवशी स्वयंपाकाचा व्याप ठेवू नका. आदल्या दिवशी कडक भाकरी करून ठेवा, सोबत दही आणि शेंगाची चटणी. मात्र चटणीचं जेवण झाल्यावर हात साबणाने धुवूनच कापडाला लावा. शेंगदाण्याचं तेल सुती कापडात मुरतं, त्यावर धूळ बसते आणि महिनाभर न धुता हाताळायच्या कापडावर तो डाग काळा पडतो.

शहाबादी फरशी सगळ्यात उत्तम. ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. सतरंजीवर अंथरू नका, कच्चे टाके सतरंजीतही जातात आणि उचलताना कळतं की दोन्ही एकत्र शिवली गेली आहेत. सकाळी दहानंतर बसा. पहाटे फरशी गार असते आणि गुडघे धरतात.

खालची साडी उलटी बाजू वर करून पसरा. तळहाताने मधून चारी कोपऱ्यांकडे सपाट करा. ओढून ताणायचं नाही. ताणलेलं कापड सोडल्यावर मागे येतं आणि बाकीचे थर सुरकुततात. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा, वरवंटा, डबा, काहीही. आता हातावर पाणी घेऊन हलकं शिंपडा. ओलसर सुती कापड खालच्या थराला धरून बसतं, सरकत नाही. पण शिंपडायचं बेतानं, भिजवायचं नाही. दुसरा थर दोघांनी चार टोकं धरून हवेत एकदा झटकून अलगद सोडा, पुन्हा मधून बाहेर हात फिरवा, पुन्हा शिंतोडे. असे चार थर झाले की पाचवी, वरची साडी सुलटी पसरा. ही खालच्या थरांपेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त असू द्या, शिवताना तिचंच कापड सगळ्यात जास्त खपतं.

कच्चे टाके घालायला वेगळ्या रंगाचा दोरा घ्या म्हणजे नंतर उसवताना दिसतो. मध्यबिंदूवरून सुरू करा. आधी मध्यापासून वरच्या कडेपर्यंत, मग मध्यापासून खालच्या कडेपर्यंत, मग डावीकडे, उजवीकडे, मग चारी कोपऱ्यांकडे तिरके. त्यानंतर वीत-वीत अंतरावर उभ्या-आडव्या ओळी, प्रत्येक ओळ मधल्या रेषेपासून बाहेर. टाका तीन-चार बोटं लांब चालतो. ओळ घालताना दुसऱ्या माणसाने पुढचं कापड तळहाताने बाहेर सारत राहायचं. याच वेळी कडेला कापड जास्त जमा होताना दिसेल. ते तसंच बाहेर पडू द्या, शेवटी कापून टाका. मागच्या वर्षी मधोमध अडकलं ते हेच कापड.

संपलं की गोधडी उलटी करा आणि खालची बाजू पाहा. एखादी चुणी पडली असेल तर तेवढीच ओळ उसवून पुन्हा घाला. आता अर्धा तास जातो, नंतर अर्धी गोधडी जाते. शेवटी पूर्ण वाळेपर्यंत तासभर उन्हात टाका. ओलसर घडी घातली तर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते निघत नाहीत.

आता गोधडी घडी करून खोलीत कुठेही नेता येते. कपाटावर ठेवा, संक्रांतीचा आठवडा पार पडू द्या.

पक्की शिवण. पाटीच्या खडूने पहिला फेरा कडेपासून एक इंचावर आखा, पुढचे दीड-दीड इंचावर. पेनाने आखू नका. दोऱ्याची गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून लपवा. सुई शक्य तितकी उभी घाला. आडवी गेली की खालचे दोन थर सुटतात आणि वरून सगळं ठीक दिसतं. डावा हात गोधडीखाली ठेवा, सुईचं टोक बोटाला जाणवलं की मगच वर घ्या. सुरुवातीला एक-एक टाका, हात बसल्यावर एका ओढीत तीन. दर हातभर शिवल्यावर उलटून खालचे टाके बघा. दोरा ओढताना कापड चिमटू नये. ओळ शिवून झाली की तिच्यावरून अंगठा फिरवा म्हणजे ताण सारखा होतो. कोपऱ्यावर पोहोचलात की शेवटचा टाका नेमका कोपऱ्यात पडला पाहिजे, तिथे एक उलटा टाका घ्या आणि वळा. कोपरे गोल होत गेले तर आतल्या फेऱ्यांचा चौकोन हरवतो.

रात्री शिवायचं असेल तर दिवा डाव्या बाजूला ठेवा. उठताना सुया मोजा. गोधडीत राहिलेली सुई ही थट्टा नाही, लहान मूल असलेल्या घरात तर नाहीच. सुया एका रंगीत कापडाच्या गादीत खोचा आणि संख्या ठरलेली ठेवा.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला बायका येतात. पसरलेली गोधडी दिसली की दोघी-तिघी हौसेने सुई उचलतात. मदत घ्या, पण एक ध्यानात ठेवा: प्रत्येकीचा ताण वेगळा असतो. एकच फेरा चौघींनी शिवला तर गोधडी लाटेसारखी दिसते. दोघींना समोरासमोरच्या बाजू द्या, दोरा आणि अंतर सारखं ठेवा, आणि फेरा संपल्यावर जागा बदलू नका. हळदीचा डाग पडला तर साबण लावल्यावर तो लालसर होतो, घाबरू नका. धुवून उन्हात टाका, दोन-तीन दिवसांत हळद उडते. तिळगुळाच्या चिकट हातांना मात्र शिवायला बसवू नका.

हुरड्याचे रविवार. मोठी गोधडी शेतात नेऊ नका. ज्वारीच्या कणसाची कुसं, गवताची कुसळं सुती कापडाला धरतात आणि एकदा थरात शिरली की वर्षभर टोचत राहतात. दुसरा धोका आगटीचा, म्हणजे हुरडा भाजायच्या विस्तवाचा. ठिणगी पडली तर सुती गोधडीतून लगेच ज्वाळा उठेलच असं नाही, ती आतल्या थरांत धुमसत राहते, आणि विझली असं वाटून घडी केली तर तासाभराने पुन्हा धूर येतो. असं झालंच तर झटकून भागत नाही. तो भाग पाण्यात बुडवा आणि उलगडून वाळवा.

शेतात न्यायचं ते काठाचं काम. चारी कडांना तीन इंच रुंद पट्टी लागते. घेर २९६ इंच, कोपऱ्यांचं धरून सव्वातीनशे, म्हणजे सव्वाआठ मीटर. उरलेल्या चार साड्यांपैकी एकीचे दोन्ही काठ उसवलेत तर ११ मीटर मिळतात. तुकडे जोडणं, दोन्ही कडा पाव-पाव इंच आत दुमडून धावदोरा घालणं, हे काम पिशवीत मावतं. ताडपत्रीवर बसून, नान्नजच्या माळावर किंवा कुडलच्या संगमावर गेलात तरी होतं. (हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. वाट वाकडी करून बघण्यासारखा.) उरलेल्या साड्यांतून छत्तीस इंचांचं तीन थरांचं बाळाचं दुपटंही असंच फावल्या वेळात होतं. त्याला वरून गाठ नको आणि दोऱ्याचं टोक लोंबकळायला नको, बाळाच्या बोटाला गुंडाळतं.

आणि हुरड्याचं सांगायचं तर कणीस तोडण्याआधी एक दाणा नखाने दाबा. पांढरं दूध उडालं तर अजून चार-पाच दिवस आहेत, मऊ पिठासारखा दाबला गेला तर नेमका, नख रुतत नसेल तर भाकरीची ज्वारी झाली. गूळभेंडी, सुरती या हुरड्याच्या वाणांचे दाणे चटकन सुटतात. मालदांडी भाकरीसाठीच ठेवा. गोवऱ्यांचा धूर संपून लाल निखारा झाला की कणसं राखेत खुपसा, देठ बाहेर ठेवा, तीन-चार मिनिटांत काढा आणि गरम असतानाच चोळा. गार झालं की कोंडा सुटत नाही. चोळलेल्या हातांनी पट्टीच्या पिशवीला हात लावायचा नाही, एवढं पथ्य.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वीस फेरे संपले की कच्चे टाके उसवा, चारी कडा सरळ कापा आणि काठ लावा. पट्टी सुलट बाजूने आधी शिवा, मागे दुमडून तुरपाई करा. कोपऱ्यावर पट्टी अखंड वळवा, कापून जोडू नका, गोधडी नेहमी कोपऱ्यातूनच उसवते. तोंडाकडची बाजू तेलाने आणि घामाने सगळ्यात आधी मळते. तिथे बारा इंच रुंदीची एक पांढरी खोळ मोठ्या टाक्यांनी लावा, म्हणजे तेवढीच उसवून महिन्याला धुता येईल. डोक्याची बाजू कोणती हेही त्यामुळे कळतं, आणि पायाची बाजू कोणाच्या तोंडावर येत नाही.

पहिलं धुणं दोन महिन्यांनी. कोमट पाण्यात साबणाची पूड विरघळवून अर्धा तास, जास्त नाही. ब्रशने घासू नका, पायांनी तुडवा. पिळू नका, बादलीवर उलट्या पाटीवर ठेवून पाणी निथळू द्या. ओली गोधडी कोरडीच्या तिप्पट भरते. एकाच दोरीवर टाकली तर सगळा भार मधल्या ओळीवर येतो आणि टाके तटातट तुटतात. दोन दोऱ्यांवर पसरा, नाहीतर गच्चीवर स्वच्छ चादर घालून तिच्यावर. सोलापूरच्या उन्हात एका दिवसात वाळते, दुपारी एकदा उलटा. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. उरलेल्या साडीच्या बोचक्यात बांधा, घड्यांमध्ये सुकलेला कडुलिंबाचा पाला ठेवा आणि पावसाळा संपल्यावर एकदा उन्हं दाखवा.